एकदा लिहा, मग हाक मारा

गेल्या वर्षी आपल्या ई-मासिकात पहिल्या वर्षाच्या एका मुलीची कविता आली. कविता चांगली होती, म्हणून मुखपृष्ठावर तिची चौकट लावली. चौकटीत कवितेच्या पहिल्या दोन ओळी आणि खाली तिचं पूर्ण नाव. पण नाव पूर्ण आलंच नाही. आडनावाच्या पहिल्या अक्षरापाशीच ते तुटलं आणि पुढे काळ्या शंकरपाळ्यात बसलेलं एक प्रश्नचिन्ह उमटलं. तिने सांगितलं, मी कवितेच्या पानाची फाइल उघडली, दोष सापडला, दुरुस्त केला आणि मोकळा झालो.

आठवड्याने ती पुन्हा आली. "दादा, आईने गावाकडे मोबाइलवर उघडलं. तिथे अजून तसंच दिसतंय. ती म्हणते, कॉलेजात नाव तरी नीट लिहायला नको का?"

मी कवितेचं पान दुरुस्त केलं होतं. मुखपृष्ठ नाही, लेखकांची यादी नाही, जुन्या अंकांचं पानही नाही. मग मी बसून मोजलं. मजकूर लहान करून दाखवणारं तेच फंक्शन अकरा फायलींत अकरा वेळा लिहिलेलं होतं. म्हणजे लिहिलेलं नव्हे, चिकटवलेलं. त्यातल्या दहांमध्ये तोच दोष होता. अकराव्यात नव्हता! माझ्या आधी ज्याने साइट सांभाळली त्या सीनियरला हाच दोष कधीतरी सापडला होता आणि त्याने तो बरोबर दुरुस्तही केला होता, पण फक्त त्याच्या समोरच्या पानावर. मी जे शोधायला एक संध्याकाळ घालवली ते शहाणपण आपल्याच साइटच्या एका कोपऱ्यात आधीपासून पडून होतं. शेजारच्या फायलीला त्याचा पत्ता नव्हता.

हा लेख त्या प्रसंगावरून सुचला. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. एका फायलीतलं फंक्शन किंवा क्लासची मेथड दुसऱ्या फायलीतून कशी बोलवायची, हे आपल्याकडे पीएचपी शिकताना अगदी शेवटी, जमलंच तर, येतं. ते पहिल्या आठवड्यात यायला हवं. ते न येण्याची किंमत परीक्षेत कळत नाही. ती नंतर दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते. इथे ती एका मुलीने आणि तिच्या आईने मोजली.

(एक सूचना: मासिकाच्या रिवाजाप्रमाणे कोडमधले शब्दही मी इथे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना भाषेचे राखीव शब्द अर्थातच रोमन लिपीत जातात.)

आधी ही सवय लागते कशी ते पाहू. सगळा दोष विद्यार्थ्यांच्या आळसावर टाकणं मला पटत नाही. आमच्या प्रॅक्टिकलला एक प्रश्न म्हणजे एक फाइल. फाइल चालवायची, आउटपुटचा प्रिंट घ्यायचा, जर्नलला लावायचा, सही घ्यायची. दहा प्रॅक्टिकलच्या दहा फायली झाल्या तरी एकीने दुसरीला कधी हाक मारलेली नसते. मग तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट येतो. तिथे वीस-पंचवीस पानं लागतात, आणि आपल्याला माहीत असलेला एकच उपाय आपण करतो: जुनी फाइल उघडायची, वेगळ्या नावाने सेव्ह करायची आणि मधलं मधलं बदलायचं.

दुसरं कारण खुद्द पीएचपीत आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ च्या सुमारास स्वतःच्या वेबपानांसाठी काही लहान साधनं तयार केली आणि १९९५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. नावच होतं पर्सनल होम पेज टूल्स. पान हाच त्या भाषेचा जन्मापासूनचा घटक. आजही साध्या मांडणीत फायलीचं नाव तोच पानाचा पत्ता असतो. त्यामुळे नवं पान हवं तर नवी फाइल, आणि नवी फाइल म्हणजे जुनीची नक्कल, हा विचार सहज मनात येतो. भाषा त्याला अडवत नाही. पीएचपीचा हा मोकळेपणा नवशिक्याला फार उपयोगी पडतो, पण तोच त्याला नकला काढायलाही शिकवतो.

आपण साहित्य मंडळवाले आहोत, म्हणून एक आपलंच उदाहरण देतो. ज्ञानेश्वरी छापखाना येण्याआधी कित्येक पिढ्या हाताने उतरवली गेली. प्रत्येक नकलेत कुठे शब्द बदलला, कुठे ओवी मागेपुढे झाली, कुणी आपली भर घातली. शेवटी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, उपलब्ध प्रती पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कुणी यात आपली ओवी मिसळू नये असं बजावलं. नक्कल करणारे काही वाईट हेतूने बदल करत नव्हते. पण नकला वाढल्या की पाठभेद होणारच. त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता, ग्रंथ हवा तर उतरवूनच घ्यावा लागे. आपल्याकडे मार्ग आहे. एक शुद्ध प्रत एका जागी ठेवायची आणि बाकी सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवायचं. तरीही आपण अकरा पाठभेद तयार करतो!

तो मार्ग कसा, ते आता नीट सांगतो, कारण नुसतं 'कॉपी करू नका' म्हणून कुणाचं भलं होत नाही.

साहाय्य नावाची एक फाइल करायची. तिच्यात फक्त फंक्शनं ठेवायची, पानावर काही छापायचं नाही. कवितेच्या पानाला त्यातलं फंक्शन हवं असेल तर वर एक ओळ लिहायची:

रिक्वायर_वन्स __डीआयआर__ . '/साहाय्य.पीएचपी';
एको थोडक्यात($कविता, $मर्यादा);

पहिल्या ओळीने दुसरी फाइल आत येते, दुसऱ्या ओळीत तिच्यातलं फंक्शन बोलावलं जातं. मुख्य काम एवढंच आहे.

आत घेण्यासाठी चार शब्द आहेत आणि त्यांतला फरक कळला पाहिजे. इन्क्लूडला फाइल मिळाली नाही तर तो तक्रार करतो आणि पुढे चालू लागतो. रिक्वायरला मिळाली नाही तर काम तिथेच थांबतं. ज्याच्याशिवाय पान चालूच शकत नाही त्याला रिक्वायर वापरावं, हे माझं मत. अर्धवट पान दाखवण्यापेक्षा स्पष्ट थांबलेलं बरं. या दोघांना 'वन्स' जोडला की फाइल आधीच आत आली असेल तर ती पुन्हा घेतली जात नाही. हे महत्त्वाचं, कारण पीएचपीत एकाच नावाचं फंक्शन दोनदा जाहीर केलं की 'पुन्हा जाहीर करता येत नाही' अशी चूक येऊन सगळं बंद पडतं. शीर्षाची फाइल साहाय्य मागवते, पानही साहाय्य मागवतं, आणि दोघं मिळून गाडी अडते. वन्स लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही.

आता पत्त्याचा गोंधळ. माझ्या बघण्यात निम्मी मुलं इथेच हार मानतात आणि पुन्हा कॉपीकडे वळतात. फायलीच्या पत्त्याआधी दोन टिंबं आणि तिरकी रेघ दिली की आपल्याला वाटतं, 'या फायलीच्या वरच्या फोल्डरमध्ये'. पण पीएचपी तो पत्ता त्या फायलीपासून मोजत नाही. ज्या फोल्डरमध्ये काम चालू आहे तिथून मोजतो, आणि वेब सर्व्हरवर ते बहुधा सर्वांत आधी उघडलेल्या पानाचं फोल्डर असतं. समजा शीर्षाची फाइल 'भाग' फोल्डरात आहे आणि ती वरच्या फोल्डरातली सेटिंगची फाइल अशा दोन टिंबांनी मागवते. 'अंक' फोल्डरातल्या पानावरून शीर्ष मागवलं की सगळं ठीक, कारण 'अंक'च्या वरही तेच मूळ फोल्डर. मुखपृष्ठावरून तेच शीर्ष मागवलं की चूक, कारण मुखपृष्ठ आधीच मूळ फोल्डरात उभं आहे आणि त्याच्या वर पाहिलं तर काहीच नाही. एकच ओळ, एका पानावर चालते, दुसऱ्यावर नाही. मुलगा चक्रावतो.

'पलीकडच्या गल्लीत' हा पत्ता सांगणारा कुठे उभा आहे त्यावर बदलतो, तसंच हे. उपाय म्हणजे पूर्ण पत्ता देणं. वरच्या ओळीतलं __डीआयआर__ हेच करतं. ते जिथे लिहिलेलं असेल त्या फायलीचं फोल्डर सांगतं, मग ती कुणीही, कुठूनही बोलावलेली असो. पीएचपी ५.३ पासून, म्हणजे २००९ पासून, ते उपलब्ध आहे. तरी अजूनही नोट्समध्ये दोन टिंबांचीच उदाहरणं उतरवली जातात. नोट्सनाही पाठभेदाचा रोग असतो. तिथे तर बिचारी जुनीच प्रत शिल्लक राहते.

आणखी काही खड्डे, थोडक्यात. लॅबमध्ये विंडोज असतं, सर्व्हरवर बहुतेक लिनक्स. विंडोज फायलीच्या नावात मोठं-लहान रोमन अक्षर सारखंच मानतं, लिनक्स मानत नाही. म्हणून लॅबमध्ये चाललेला प्रोजेक्ट सर्व्हरवर चढवल्यावर 'फाइल सापडत नाही' म्हणतो. फायलींची नावं सगळी लहान लिपीत ठेवली की हा त्रास वाचतो. क्लासच्या फायलींना क्लासचंच नाव द्यायचं ठरलं असेल, तर ते अक्षरन्‌अक्षर तसंच हवं.

दुसरा खड्डा क्रमाचा. एकाच फायलीत फंक्शन खाली लिहून वर बोलावलं तरी सहसा चालतं. दुसऱ्या फायलीतल्या फंक्शनबाबत तसं नाही. ती फाइल आत आल्यानंतरच हाक मारता येते.

तिसरा व्याप्तीचा. आत आलेल्या फायलीतले चल पानाला दिसतात, पण फंक्शनच्या आत आपोआप दिसत नाहीत. मुलं मग ग्लोबल लिहून वेळ मारून नेतात. त्यापेक्षा लागेल ती गोष्ट कंसातून आत द्यावी. फंक्शनला काय लागतं हे त्याच्या पहिल्या ओळीवरूनच कळलं पाहिजे.

चौथा खड्डा मजेदार आहे. काही जण दुसऱ्या फायलीचा पूर्ण वेब पत्ता, एचटीटीपीसकट, इन्क्लूडला देतात. मुळात तसं करायची परवानगी पीएचपीत आपोआप मिळत नाही. ती दिली तरी उपयोग नाही, कारण सर्व्हर ती फाइल चालवून फक्त तिचं आउटपुट पाठवतो. फंक्शन तिथेच राहतं. खानावळीला फोन केला तर डबा येतो, स्वयंपाकी येत नाही.

पाचवा खास आपल्या मराठीवाल्यांचा. देवनागरी मजकूर असलेली फाइल जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली की तिच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट बसत. त्याला बॉम म्हणतात. अशी फाइल आत घेतली की तिच्यातलं एक अक्षरही छापण्याआधी ते तीन बाइट पानावर जातात, आणि मग लॉगिनचं सेशन सुरू करताना 'हेडर आधीच पाठवले गेले' अशी चूक येते. फाइल डोळे फाडून पाहिली तरी काही दिसत नाही. एडिटरमध्ये 'बॉमशिवाय' हा पर्याय निवडायचा. फक्त पीएचपी असलेल्या फायलीच्या शेवटी बंद करणारी खूणही लिहू नये, म्हणजे तिच्यामागे राहिलेली एखादी मोकळी ओळ असाच घोळ घालणार नाही.

आता क्लासकडे येतो. फंक्शन कुणाचं नसतं, नावाने हाक मारली की येतं. मेथड मात्र कुणाची तरी असते. आपल्या साइटवर आता 'अंक' नावाचा क्लास आहे. क्लासची फाइल आत घ्यायची, मग न्यू लिहून त्या क्लासचा एक ऑब्जेक्ट करायचा, आणि त्या ऑब्जेक्टला बाण लावून मेथड बोलवायची: $दिवाळी->लेखांची_यादी(). दिवाळी अंकाची यादी वेगळी, उन्हाळी अंकाची वेगळी, कारण प्रत्येक ऑब्जेक्टपाशी आपापली माहिती आहे. उलट काही कामांना स्वतःची अशी माहिती लागत नाही. पीएचपीचं नेहमीचं डेट फंक्शन महिन्यांची नावं इंग्रजीतच देतं, म्हणून आम्ही तारीख नावाचा क्लास केला. त्याची मेथड स्टॅटिक ठेवली आणि ती दुहेरी विसर्गासारख्या खुणेने थेट क्लासच्या नावावर बोलवतो: तारीख::मराठीत($दिवस). तिथे ऑब्जेक्ट लागत नाही.

ही दोन चिन्हं एकमेकांच्या जागी टाकण्याची चूक फार होते. जुन्या पीएचपीत स्टॅटिक नसलेली मेथडही क्लासच्या नावावर बोलावली तरी ते कुरकुरत चालवून घेई. २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ ने ते बंद केलं, आता सरळ चूक येते. त्यामुळे जुन्या नोट्समधलं 'चालणारं' उदाहरण आज चालत नाही आणि दोष स्वतःचा आहे असं समजून पोरं रात्रभर जागतात.

क्लास वाढले की प्रत्येकासाठी वर रिक्वायरची ओळ लिहायचा कंटाळा येतो. त्यावर ऑटोलोड आहे. क्लासचं नाव वाचून त्याची फाइल कुठे शोधायची हे पीएचपीला एकदाच शिकवून ठेवायचं. २०१२ पासून कंपोझर हे साधन आहे, ते हे काम करून देतं आणि बाहेरची ग्रंथालयं व्हेंडर नावाच्या फोल्डरमध्ये आणून ठेवतं. त्या फोल्डरमध्ये हात घालून काही बदलू नये. पुढच्या अद्ययावतीत आपली ओवी पुसली जाते. एकनाथांचा इशारा इथेही लागू आहे!

माझ्या म्हणण्यावर मित्रांनी तीन आक्षेप घेतले. तिन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला: "अरे, कॉपी सुरक्षित असते. एका पानात काही बिघडलं तर एकच पान बिघडतं. तुझ्या त्या एका फायलीत चूक झाली तर अख्खी साइट झोपेल." हे खरं आहे, आणि माझ्याकडून एकदा झालंही. एक अर्धविराम राहिला आणि सगळी पानं गेली. पण ती चूक मला दोन मिनिटांत कळली आणि तिसऱ्या मिनिटाला दुरुस्त झाली, कारण ती सगळ्यांना दिसत होती. अकरा नकलांतली चूक वर्षानुवर्षं न दिसता राहिली. ठसठशीत चूक मला छुप्या चुकीपेक्षा परवडते. आणि सामायिक फाइल बदलण्याआधी ती आपल्या मशीनवर चालवून पाहावी एवढी शिस्त काही मोठी नाही.

दुसरा: "वर्डप्रेस किंवा लारावेल वापरलं की हे सगळं आपोआप होतं. कशाला डोकं घालायचं?" आपोआप होतं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी केलेलं असतं. ज्या दिवशी 'क्लास सापडत नाही' अशी ओळ पडद्यावर येईल त्या दिवशी हेच सगळं ओळीने आठवावं लागेल: फाइल आत आली का, पत्ता कुठून मोजला गेला, नावाचं स्पेलिंग अक्षरन्‌अक्षर तेच आहे का. फ्रेमवर्क वापराच, पण हे कळल्यावर वापरा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त बोचला. "परीक्षेत याला मार्क नाहीत." हो, बहुधा नाहीत. म्हणूनच तर हा लेख मासिकात लिहितोय, उत्तरपत्रिकेत नाही. मार्क नसलेल्या गोष्टी शिकण्यासाठीच तर आपण संध्याकाळी मंडळात येतो ना?

आणि मार्कांपलीकडे काय पणाला लागतं, तेही सांगतो. पीएचपीतली डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शनं २०१३ मध्ये आवृत्ती ५.५ ने कालबाह्य ठरवली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आवृत्ती ७.० ने काढूनच टाकली. ज्यांनी डेटाबेसचं सगळं बोलणं एका फायलीतून ठेवलं होतं त्यांनी ती एक फाइल बदलली. ज्यांच्या प्रत्येक पानात ती फंक्शनं विखुरलेली होती त्यांना प्रत्येक पान उघडावं लागलं, नाहीतर जुन्या आवृत्तीवर, सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झाल्यावरही, बसून राहावं लागलं.

सुरक्षेचं तर सरळच आहे. वाचकाने लिहिलेला अभिप्राय पानावर दाखवण्याआधी त्यातली कोनी कंसांसारखी चिन्हं निष्प्रभ करावी लागतात. हे काम प्रत्येक पानात वेगळं लिहिलं तर कुठेतरी राहणारच, आणि राहिलेलं एक पान पुरतं. तेच एका फंक्शनमधून गेलं तर तपासायला एकच जागा असते. पासवर्डचंही तसंच. तो अकरा फायलींत असेल तर बदलताना अकरावी विसरते.

मात्र एक उलट इशाराही द्यायला हवा. कुठली फाइल आत घ्यायची हे बाहेरून आलेल्या नावावर कधी सोडू नका. पत्त्याच्या पट्टीत 'पान बरोबर अमुक' असं येतं आणि ते जसंच्या तसं इन्क्लूडला दिलं जातं, अशी उदाहरणं मी प्रोजेक्टमध्ये पाहिली आहेत. असं केलं की बाहेरचा माणूस आपल्या घरातली कुठलीही फाइल उघडायला लावू शकतो. परवानगी असलेल्या नावांची यादी आपणच ठेवावी आणि नाव तिच्यात असेल तरच दार उघडावं.

शेवटी त्या नावाच्या चुकीकडे परत येतो, कारण तिच्यातही भाषेचा धडा आहे. पीएचपीचं साधं लांबी मोजणारं फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. 'ज्ञानेश्वरी'त अकरा चिन्हं, तेहतीस बाइट. ज्याने ते मूळ फंक्शन लिहिलं त्याने चाळीस अक्षरांची मर्यादा ठेवली असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात ते चाळीस बाइट होते. बाराएक चिन्हांनंतर सुरी फिरली, तीही एका चिन्हाच्या मधोमध. म्हणून ते शंकरपाळं.

मल्टिबाइट फंक्शन वापरलं की चिन्ह तुटत नाही, पण जोडाक्षर तुटू शकतं. 'ज्ञानेश्वरी'ची पहिली आठ चिन्हं घेतली तर 'ज्ञानेश्' उरतं, शेवटी लोंबकळणारा हलन्त. म्हणून आमचं आताचं फंक्शन आधी मर्यादेइतकी चिन्हं घेतं, मग त्यातली शेवटची रिकामी जागा शोधतं आणि तिथेच थांबतं. शब्द मध्ये कापलाच जात नाही. हे सगळं एकदाच लिहिलं आहे, एका फायलीत, आणि अकराही पानं त्यालाच हाक मारतात. एकत्र बसून लिहिताना आणखी एक गोष्ट सुचली जी अकरा ठिकाणी कुणाला सुचली नव्हती: माणसाचं नाव कापायचंच कशाला? ओळीत मावत नसेल तर दुसऱ्या ओळीवर जाऊ द्या. आता नावांना हे फंक्शन लावतच नाही.

जाता जाता, पीएचपीत फंक्शनला देवनागरी नाव देता येतं. थोडक्यात हे नाव मी उदाहरणासाठी दिलेलं नाही. ते खरोखर चालतं. पण दोन सारखी दिसणारी नावं वेगवेगळ्या पद्धतीने टाइप केली गेली तर यंत्राला ती वेगळी वाटतात. 'ऱ्या'मधला र कुणी एका कळीने उमटवतो, कुणी र ला वेगळा नुक्ता जोडून. डोळ्याला फरक दिसत नाही आणि पीएचपी म्हणतं, असं फंक्शनच नाही. म्हणून देवनागरी नाव द्यायचं तर साधं द्यावं, आणि टीम मोठी असेल तर आधी सगळ्यांनी बसून ठरवावं. पण फंक्शनच्या डोक्यावरची टीप मात्र मराठीतच लिहा, हा माझा आग्रह. हे फंक्शन काय घेतं, काय देतं, आणि कुठल्या प्रसंगामुळे असं लिहिलं. पुढच्या वर्षी जो साइट सांभाळेल त्याच्यासाठी ते पत्रच आहे.

मंडळापुढे माझा प्रस्ताव असा. साइटची सामायिक फाइल आणि दोन्ही क्लास मंडळाच्या ड्राइव्हवर ठेवलेच आहेत. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी पुढच्या महिन्यातल्या दोन शनिवारी दुपारी लॅबमध्ये यावं. पहिल्या शनिवारी दोन फायली आणि एक हाक, दुसऱ्या शनिवारी क्लास. बीए-बीकॉमवालेही चालतील. आणि प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांना, मॅडमना एक विनंती: निदान एका प्रॅक्टिकलला दोन फायली सक्तीच्या करा. जर्नलला एक पान जास्त लागेल, एवढंच.

त्या मुलीची नवी कविता या अंकात आहे. यादीत, मुखपृष्ठावर आणि कवितेच्या पानावर, तिन्ही ठिकाणी मी नाव तपासलं. तुम्हाला कुठे तुटलेलं दिसलं तर सांगा. आता दुरुस्त करायला एकच जागा आहे.